दांडगा, पण हळुवार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं मैदान येतं, ध्यानचंद येतात, आपल्या खडकीचे धनराज पिल्ले येतात. आज ज्या हॉकीचा उल्लेख मी वारंवार करणार आहे ती मात्र बर्फावरची, कॅनडातली आणि अमेरिकेतली. पायांत धारदार पात्यांचे बूट, अंगावर चिलखतासारखा जाड पोशाख, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती, आणि खेळाडूने खेळाडूला अंगाने दिलेली धडक चक्क नियमात बसणारी, असा हा खेळ. पण आजचा विषय हॉकी नाही. विषय आहे प्रेमकथा.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात अलीकडे एक प्रकार जोरात आहे. त्याला ‘स्पोर्ट्‌स रोमान्स’ म्हणतात. म्हणजे अशी प्रेमकथा, जिच्यात नायक खेळाडू असतो, किंवा नायिका असते, किंवा दोघंही असतात. अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, सॉकर, मोटारींच्या शर्यती, सगळ्या खेळांवर अशा कादंबऱ्या आहेत. पण त्यांत आज पहिला मान बर्फावरच्या हॉकीचा. मुंबई-पुण्याच्या दुकानांत इंग्रजी पुस्तकांच्या मांडणीतही तुम्हाला त्या दिसतील. मुखपृष्ठावर व्यंगचित्रासारखं रंगीत चित्र, हातात हॉकीची काठी घेतलेला उंचापुरा मुलगा, आणि त्याच्याकडे कंबरेवर हात ठेवून बघणारी मुलगी.

गंमत अशी, की या पुस्तकांच्या वाचक बहुतांशी स्त्रिया आहेत, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी हॉकीचा एक सामनाही कधी पुरता पाहिलेला नसतो. गोल झाला की कळतं, बाकी नियम त्यांना ठाऊक नसतात आणि त्याची त्यांना पर्वाही नसते. मग खेळाडूच नायक का? आणि त्यातही इतका दांडगट खेळ का? यालाच उत्तर शोधायचा प्रयत्न मी आज करणार आहे.

पहिली गोष्ट ही, की हा प्रकार काल-परवाचा नाही. सुसान एलिझाबेथ फिलिप्स या अमेरिकन लेखिकेची ‘इट हॅड टू बी यू’ ही कादंबरी १९९४ची. तिच्यात फीबी नावाच्या तरुणीला वडिलांच्या मृत्यूनंतर वारसाहक्काने काय मिळतं, तर शिकागोचा एक अख्खा फुटबॉल संघ! तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, आणि संघाचा प्रशिक्षक म्हणजे तापट गृहस्थ. पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. १९९८मध्ये रेचेल गिब्सनने ‘सिम्प्ली इर्रेझिस्टिबल’मध्ये सिएटलचा एक काल्पनिक हॉकी संघ उभा केला. २००६च्या सुमारास तर हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतल्या ‘नॅसकार’ मोटारशर्यतींच्या संस्थेशी रीतसर करार करून शर्यतींच्या प्रेमकथांची मालिकाच काढली. हार्लेक्विन म्हणजे तीच कंपनी, जिने १९७१मध्ये ‘मिल्स अँड बून’ विकत घेतली. आपल्याकडच्या वाचनालयांतून ‘मिल्स अँड बून’ आणून अभ्यासाच्या पुस्तकाआड वाचणाऱ्या मुलींची एक पिढी आता आजी झाली आहे, तेव्हा हे नाव मी अधिक समजावून सांगत नाही.

खरी लाट मात्र नंतर आली. २०१५मध्ये एल केनेडीची ‘द डील’ आली. २०२० नंतर, महासाथीच्या काळात घरात अडकलेल्या वाचकांनी टिकटॉकवर एकमेकींना पुस्तकं सुचवायला सुरुवात केली. भारतात त्याच वर्षी टिकटॉकवर बंदी आली, तरी त्या शिफारशी इन्स्टाग्रामच्या वाटेने आपल्याकडे पोहोचल्याच. २०२२मध्ये हॅना ग्रेस या इंग्लंडमधल्या लेखिकेने ‘आइसब्रेकर’ स्वतःच प्रसिद्ध केली, ती लगेच मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि खपाच्या याद्यांत जाऊन बसली. आणि २०२५च्या नोव्हेंबरमध्ये कॅनडातल्या रेचेल रीडच्या ‘हीटेड रायव्हलरी’ या २०१९च्या कादंबरीवर दूरचित्रवाणी मालिका आली, आणि ज्यांनी अशी पुस्तकं कधी हातात धरली नव्हती तेही त्याबद्दल बोलू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रेमकथेला लागतात दोन माणसं आणि एक अडथळा. अडथळा नसेल तर दुसऱ्या प्रकरणातच लग्न होऊन पुस्तक संपेल! जुन्या कथांना अडथळ्यांची वाण नव्हती. ती श्रीमंत, तो गरीब. जात आडवी, पत्रिका आडवी, नाहीतर वडिलांनी मित्राला दिलेला शब्द आडवा. आपल्याकडे हे अडथळे अजून पुरते जिवंत आहेत, हे वेगळं सांगायला नको. पण अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकणाऱ्या दोन तरुणांना आज कोण अडवणार? दोघंही स्वतंत्र, दोघांच्या हातात फोन. तिथल्या लेखिकेपुढे खरी अडचण ही आहे, की या दोघांना तीनशे पानं एकमेकांपासून दूर ठेवायचं तरी कसं?

खेळ ही अडचण सोडवतो. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये, एनएचएलमध्ये, प्रत्येक संघ एका मोसमात ८०हून अधिक सामने खेळतो आणि त्यांतले निम्मे परगावी. म्हणजे नायक आज इथे, परवा हजार मैलांवर. त्यातून संघ आपले खेळाडू एकमेकांशी बदलून घेतात. सकाळी एका शहरात सराव केलेला खेळाडू रात्री दुसऱ्या शहराचा होऊ शकतो. ज्या घरात बापाची सरकारी नोकरी होती आणि दर तीन वर्षांनी बदलीचा कागद यायचा, त्या घरातल्या माणसांना हा धसका समजावून सांगावा लागत नाही. फरक एवढाच, की इथे बदलीची वार्ता घरच्यांच्या आधी दूरचित्रवाणीला कळण्याची शक्यता असते. शिवाय दुखापत आहे. गुडघा एकदा गेला की बाविसाव्या वर्षी आयुष्याचा बेत कोलमडतो. विद्यापीठातल्या खेळाडूला परीक्षेत ठरावीक गुण नसतील तर संघाबाहेर बसावं लागतं. म्हणजे वेळापत्रक, नियम, मर्यादा आणि धोका, हे सगळं खेळ आयतं आणून देतो. समाजाने काढून घेतलेल्या भिंती खेळ पुन्हा बांधून देतो, आणि त्या कुणाच्या अन्यायावर उभ्या नसतात. म्हणून त्या वाचताना मनाला लागत नाहीत.

पण श्रोतेहो, ही झाली लेखिकेची सोय. वाचकाला पुस्तक का आवडतं, याचं उत्तर त्यात नाही. ते उत्तर माझ्या मते नायकाच्या ताकदीत आहे, आणि त्याहून जास्त, ती ताकद तो कुठे वापरत नाही यात आहे.

हॉकीत मारामारीलासुद्धा नियम आहे. एनएचएलमध्ये दोन खेळाडूंनी हातमोजे फेकून मुष्टियुद्ध केलं तर पंच त्यांना वेगळं करतात आणि पाच मिनिटं काचेआडच्या पेनल्टी बॉक्समध्ये बसवतात. पाच मिनिटं झाली की महाशय परत मैदानात. म्हणजे हा माणूस उपजीविकेसाठी धडका देतो, मार खातो, दात गमावतो. आणि शिट्टी वाजली की थांबतो. कादंबरी त्याला मैदानातून उचलून एखाद्या लहानशा खोलीत आणते, समोर एक मुलगी बसवते आणि विचारते, आता हा कसा वागतो? हजारो माणसांसमोर भिंतीला माणूस चिरडणारा हा गडी तिच्या दारावर टकटक करून, ‘आत येऊ का?’ असं विचारून बाहेर उभा राहतो. वाचक स्त्रीचं मन इथे जिंकलं जातं. ज्याच्यापाशी बळच नाही त्याच्या सौम्यपणाची आपण फारशी दखल घेत नाही. बळ असून आवरणारा माणूस मात्र आपल्याला मोठा वाटतो.

हे निरीक्षण केवळ माझं नाही. जॅनिस रॅडवे नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४मध्ये ‘रीडिंग द रोमान्स’ हे पुस्तक लिहिलं. एका गावातल्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी त्या प्रत्यक्ष जाऊन बोलल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणी घर, नवरा, मुलं सांभाळणाऱ्या. त्यांच्या बोलण्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. एक, पुस्तक उघडलं की तो वेळ आपला. तेवढा वेळ घरातल्या कुणी हाक मारायची नाही. आणि दोन, त्यांना नायक हवा होता तो जबरदस्त पुरुष, पण हळुवार. नायिकेकडे लक्ष देणारा, तिची काळजी घेणारा. दिवसभर सगळ्यांची काळजी वाहणाऱ्या बाईला आपलीही कुणी काळजी घेतंय असं निदान पुस्तकात तरी वाटावं, यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या घरातली बाई दुपारी भांडी-धुणी आवरून दिवाळी अंकातली कथा घेऊन आडवी व्हायची, तेव्हा तीही तेवढा अर्धा तास स्वतःच्या मालकीचा करून घेत होतीच की.

आता दोन-तीन उदाहरणं बघू. ‘द डील’मधला गॅरेट विद्यापीठाच्या हॉकी संघाचा कर्णधार आहे आणि नापास कशात होतो, तर नीतिशास्त्रात! हॅना ही संगीत शिकणारी मुलगी त्या विषयात हुशार. त्याला तिची शिकवणी हवी असते. तिला दुसऱ्याच एका मुलाचं लक्ष वेधून घ्यायचं असतं. तेव्हा सौदा असा ठरतो, की तिने शिकवायचं आणि त्याने तिचा मित्र असल्याचं नाटक करायचं. इथपर्यंत ही हलकीफुलकी गोष्ट. पण हॅनावर शाळेच्या वयात बलात्कार झालेला आहे, आणि गॅरेटचा बाप हा नावाजलेला हॉकीपटू, घरी बायको-मुलाला मारणारा. म्हणजे मैदानावरचं बळ घरात आलं की काय होतं, ते या मुलाने लहानपणी अंगावर सोसलेलं आहे. आपणही बापासारखे निघालो तर, ही त्याची भीती. आणि पुन्हा कुणावर विश्वास टाकता येईल का, ही तिची. नीतिशास्त्राची शिकवणी मग नुसती परीक्षेपुरती राहत नाही.

‘आइसब्रेकर’मधली अ‍ॅनास्तेशिया फिगर स्केटिंग करते. ऑलिंपिकला जायचं हे तिचं ध्येय. हॉकी संघाची रिंक खराब होते, म्हणून ते दांडगे पोरगे तिच्या रिंकवर येऊन पडतात आणि भांडण जुंपतं. तिचा स्केटिंगमधला जोडीदार तिने काय खावं, किती खावं यावर पहारा ठेवणारा. हॉकीचा कर्णधार नेट याच्या लक्षात येतं, की ही मुलगी इतका व्यायाम करून खाते फारच कमी. पुस्तकातला सगळ्यांत प्रेमाचा भाग माझ्या दृष्टीने हा आहे. गुलाबाचं फूल नाही, चंद्र नाही; ‘तू पुरेसं जेवतेस का?’ हा साधा प्रश्न. मराठी माणसाला तर हा प्रश्न अगदी घरचा वाटेल. आपल्याकडे प्रेमाची कबुली कुणी तोंडाने देत नाही. ‘जेवलीस का?’ यातच ती दिलेली असते.

तिसरं उदाहरण मारियाना झपाटाच्या ‘द वॉल ऑफ विनिपेग अँड मी’ या २०१६च्या कादंबरीचं. तिच्यातला फुटबॉलपटू इतका घुमा, की त्याच्या तोंडून चार शब्द निघाले तरी सणाचा दिवस. व्हॅनेसा त्याची मदतनीस. त्याचं जेवण, पत्रव्यवहार, वेळापत्रक सांभाळणारी. कादंबरी सुरू होते तीच तिने नोकरी सोडण्यापासून. तिला स्वतःचा ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय करायचा आहे. ती गेल्यावर त्याला कळतं, की आपण रोज गृहीत धरलेलं माणूस गेलं. तो तिच्या दाराशी येतो. गृहीत धरलं जाणं आणि मग कुणीतरी येऊन ‘माझं चुकलं’ म्हणणं, या दोन गोष्टींमधलं अंतर किती घरांत आयुष्यभर कापलं जात नाही! ते अंतर इथे चारशेहून जास्त पानं घेऊन, अगदी सावकाश कापलं जातं.

या तिन्ही कथांत नायिकेचं काम सुटत नाही, हेही लक्षात घ्या. हॅनाचं गाणं, अ‍ॅनास्तेशियाचं स्केटिंग, व्हॅनेसाचा व्यवसाय शेवटच्या पानापर्यंत टिकतो. आपल्याकडे २०१६च्या ‘सुलतान’ चित्रपटातली आरफा ही कुस्तीगीर. तिला दिवस राहतात, ती ऑलिंपिकचं स्वप्न बाजूला ठेवते आणि कुस्ती पुढे नवरा खेळतो. चित्रपट संपला तरी मनात ती कुस्ती अडकून राहते. खेळातल्या या नव्या प्रेमकथांची वाचक नेमकं तेच सहन करायला तयार नसते. तिला प्रेमही हवं आणि कामही. २०२३च्या ‘क्लीट क्यूट’मध्ये तर सॉकरच्या राष्ट्रीय संघातल्या दोन मुलीच एकमेकींच्या प्रेमात पडतात, तिथे दोघींचंही काम एकच आणि जागेसाठी चुरसही तीच.

आणखी एक आकर्षण आहे संघाचं. ही पुस्तकं सुटी क्वचितच येतात, मालिकेने येतात. पहिल्या पुस्तकात कर्णधाराचं लग्न ठरलं की दुसऱ्यात त्याच्या खोलीवरचा मित्र नायक होतो, तिसऱ्यात गोलरक्षक. मागचे नायक-नायिका पुढच्या पुस्तकात पाहुण्यासारखे येऊन जातात, त्यांचं बरं चाललंय हे कळतं. वीस-पंचवीस जणांचं हे घर. चिडवाचिडवी, भांडणं, एकमेकांच्या मदतीला धावून जाणं. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबाच्या कादंबऱ्यांतली ऊबच ती, फक्त चुलत्या-मावश्यांच्या जागी सहखेळाडू. एकेकट्या खोल्यांत राहणाऱ्या आजच्या वाचकाला ही ऊब हवीशी वाटते.

मात्र हे घर सगळ्यांना सामावून घेतं का, असा प्रश्न रेचेल रीडने विचारला. ‘हीटेड रायव्हलरी’त दोन हॉकीपटू आहेत. शेन कॅनडाचा, इल्या रशियाचा. एक माँट्रियलचा तारा, दुसरा बोस्टनचा. जगाच्या दृष्टीने एकमेकांचे हाडवैरी. आणि जगाच्या आड अनेक वर्षं एकमेकांवर प्रेम करणारे. इथे अडथळा लेखिकेला शोधावा लागत नाही, तो खऱ्या जगात उभाच आहे. रशियात २०१३पासून समलिंगी संबंधांच्या तथाकथित प्रचारावर कायद्याने बंदी आहे. आणि एनएचएलमध्ये? २०२५ साल संपेपर्यंत तिथे सामने खेळत असलेल्या एकाही खेळाडूने आपण समलिंगी आहोत असं उघडपणे सांगितलेलं नव्हतं. २०२३मध्ये तर लीगने सरावाच्या वेळी घालायचे खास रंगांचे, पाठिंबादर्शक पोशाख बंद करायचं ठरवलं. याच मालिकेतल्या २०१८च्या ‘गेम चेंजर’ या पहिल्या कादंबरीत एक कर्णधार चषक जिंकल्यावर भर मैदानात, सगळ्यांच्या देखत आपल्या मित्राचं चुंबन घेतो. जे प्रत्यक्षात कुणी करू धजलं नव्हतं ते कादंबरीने आधी करून दाखवलं.

इथे मला या कादंबऱ्यांचं खरं मोल दिसतं, आणि खरा प्रश्नही इथेच उभा राहतो. कारण पुस्तकातली लॉकर रूम आणि प्रत्यक्षातली लॉकर रूम यांत मोठं अंतर आहे. २०२२मध्ये कॅनडा हादरला. देशातल्या हॉकीचा कारभार पाहणाऱ्या ‘हॉकी कॅनडा’ या संस्थेने, २०१८च्या ज्युनियर संघातल्या खेळाडूंवर सामूहिक अत्याचाराचा आरोप करणाऱ्या एका तरुणीशी न्यायालयाबाहेर तडजोड केल्याचं उघड झालं. मग हेही बाहेर आलं, की अशा तक्रारी मिटवण्यासाठी वापरला गेलेला एक निधी सामान्य घरांतल्या मुलामुलींच्या नोंदणी फीतून जमलेला होता. संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली, प्रायोजक मागे हटले, ऑक्टोबरमध्ये संस्थेचं संचालक मंडळ पायउतार झालं. पुढे पाच खेळाडूंवर खटला चालला, आणि जुलै २०२५मध्ये न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष ठरवलं. त्या निकालावर मला इथे काही बोलायचं नाही. पण खेळाडूंच्या खोलीत मुलींबद्दल काय बोललं जातं, कोण गप्प बसतं, आणि संस्था कुणाला पाठीशी घालतात, हे प्रश्न त्या देशात घराघरांत विचारले गेले.

आता तुम्ही म्हणाल, मग ही पुस्तकं म्हणजे शुद्ध फसवणूक झाली. दांडगाई करणाऱ्या मुलांना देवदूत करून दाखवणारी! हा आक्षेप मी हलका मानत नाही. सतत मत्सर करणारा, ‘ती माझी आहे’ म्हणून दुसऱ्याचं थोबाड फोडणारा नायकही यांतल्या काही पुस्तकांत असतो आणि लेखिका त्यालाच प्रेम म्हणते. ते प्रेम नव्हे. आणि वाचकांचंही भान सुटतं. २०२३मध्ये सिएटलच्या ‘क्रॅकन’ या खऱ्याखुऱ्या हॉकी संघाने या वाचकांना आपल्याकडे ओढण्यासाठी खेळाडूंची चित्रफितींमधून त्याच ढंगाने जाहिरात केली. मजा म्हणून सुरू झालेलं प्रकरण इतकं वाढलं, की एका विवाहित खेळाडूबद्दल लोक जाहीरपणे नको ते लिहू लागले. त्याच्या पत्नीने आक्षेप घेतला, त्यानेही घेतला, आणि संघाला त्या चित्रफिती काढून टाकाव्या लागल्या. पुस्तकातल्या नायकाच्या मागे खरा माणूस नसतो. रिंकवर खेळणाऱ्याच्या मागे असतो, आणि त्याला घर असतं. पुरुषांनी स्त्रियांकडे ज्या नजरेने बघू नये असं आपण म्हणतो, त्या नजरेने स्त्रियांनीही कुणाकडे बघू नये.

तरीही सगळ्या प्रकाराला मी फसवणूक म्हणणार नाही. यांतल्या चांगल्या पुस्तकांना वास्तव ठाऊक असतं. गॅरेटच्या घरातला मारकुटा बाप वास्तवातूनच आलेला आहे. हॅनावरचा अत्याचार वास्तवातूनच आलेला आहे. शेनचं आणि इल्याचं लपणं वास्तवातूनच आलेलं आहे. ते सगळं माहीत असून ही लेखिका म्हणते, की असा बाप असलेला मुलगाही वेगळा होऊ शकतो. खोलीतला एक जण अश्लील बोलू लागला तर दुसरा त्याला ‘पुरे’ म्हणू शकतो. नायक प्रत्येक पावलावर विचारतो, आणि ‘नाही’ म्हटलं की थांबतो. मैदानात पंचाची शिट्टी मानणाऱ्याने खोलीत बाईचा शब्द मानावा, यापेक्षा ही वाचक जास्त काय मागते?

एक व्यवहाराची गोष्ट पालकांसाठी सांगायला हवी. मुखपृष्ठावरच्या गोड चित्राला भुलून ही पुस्तकं दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या हातात देऊ नका. बहुतेकांत शरीरसंबंधांची उघड वर्णनं असतात. ती प्रौढांसाठी लिहिलेली आहेत. मात्र घरातली कॉलेजातली मुलगी असं पुस्तक वाचताना दिसली तर ‘हे काय भिकार वाचतेस’ म्हणून ते हिसकावूनही घेऊ नका. भाषेच्या दृष्टीने यांतली कित्येक पुस्तकं सामान्य आहेत, शेवट तर पहिल्याच पानावर माहीत असतो. पण शेवट माहीत असणं हा या प्रकारातला करारच आहे. किर्तनाला बसणाऱ्याला सीता परत येणार हे ठाऊक असतं, तरी तो उठून जात नाही. कसं होणार, ते त्याला ऐकायचं असतं. त्या मुलीला विचारा, ‘तुला यातला कोण आवडला आणि का?’ ती जे सांगेल त्यात तिला कसा जोडीदार हवा आहे, कशाची भीती वाटते, काय चालणार नाही, हे सगळं येईल. ते आपण एरवी तिला विचारत नाही आणि तीही आपल्याला सांगत नाही.

आणि जमलं तर एखादं पुस्तक घरातल्या मुलालाही वाचायला द्या. अमुक खेळ खेळ, तमुक व्यायाम कर, मजबूत हो, असं आपण मुलग्यांना लहानपणापासून सांगतो. ती मजबुती कुठे आवरायची, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. ज्या खेळाचा सामनाही पाहिला नाही त्या खेळातल्या नायकाच्या शेकडो गोष्टी जगभरच्या बायका वाचत आहेत, कारण हे कुणीतरी त्याला सांगितलेलं आहे आणि त्याने ते ऐकलेलं आहे, असं त्यांना त्या पानांत भेटतं. पुस्तकाबाहेर ते जितकं दुर्मीळ असेल, तितका या पुस्तकांचा खप वाढत राहील.